बत्तीसशे आयएसओ आणि पाच ठिपके

"माय, डोरे उघडे ठेव ना वो."

"उघडेच त हायेत."

"हे उघडे होत? घरात मयत झाल्यावानी दिसून राहिली तू."

"तुह्या डब्यातून इज चमकते, त्याले मी का करू? डोरे का माह्या हुकमात हायेत?"

केवळराम रामटेकेने कॅमेरा खाली घेतला. गोंदियाजवळच्या गोरेगावात बाजाराच्या रस्त्यावर ‘साक्षी फोटो स्टुडिओ’ मांडून बसल्यापासून त्याने अर्ध्या तालुक्याचे डोळे उघडे ठेवले होते. रडकी पोरं, लाजून जमिनीत शिरू पाहणाऱ्या नवऱ्या मुली, पंचायत समितीला उभे राहणारे पुढारी, सगळे त्याच्या एका "इकडं पाहा"ने सुतासारखे सरळ येत. सरळ येत नव्हती ती एकटी जन्मदात्री. कुसुमबाई मतदार ओळखपत्रावर झोपली होती, बँकेच्या पासबुकावर झोपली होती, आणि नात्यातल्या लग्नांच्या अल्बमांतून तर ती वरातीपासून जेवणावळीपर्यंत झोपेतच हिंडत होती. मतदान केंद्रावरचे गुरुजी ओळखपत्र बघत, तिच्याकडे बघत आणि "आजी, आज जाग्या आहात वाटतं," म्हणून बोटाला शाई लावत.

डोळ्यांचं कुसुमबाईला फारसं दुःख नव्हतं. तिचा राग निराळा होता.

"माहं गोंदन येत नाई तुह्या फोटोत," ती म्हणाली. "तोंड येते, लुगडं येते, मांगची भिंत येते. गोंदन तेवढं येत नाई. मंग कायले बसू मी?"

हे मात्र खरं होतं. तिच्या हनुवटीवर पाच हिरवट ठिपके होते. वयाबरोबर ते फिके झाले होते, आणि फ्लॅशचा झोत पडला की पार विरघळून जात. दवनीवाड्याला माहेरी असताना, धान निघाल्यावर गोंदणारी बाई दारात आली, तेव्हा आजीने एक ठिपका गोंदवून दिला, आईने एक, मामीने एक, मावशीने एक. प्रत्येकीने आपापल्या ठिपक्याच्या मोलाचं धान आपापल्या सुपातून दिलं. पाचवा रुख्माचा. रुख्मा ही शेजारची मैत्रीण. हिचे पाय दाबून धरायला तिला बसवलं होतं, आणि ती मध्येच फिदीफिदी हसली. कुसुम हलली. ठिपका सरकला. चार ठिपके चौकात नीट बसले आणि पाचवा, मधला, डावीकडे घसरून वाकडा झाला तो झालाच.

पुढे सासरी घरात धम्मदीक्षा झाली. देव तळ्यात गेले. तेव्हा सासरे गोंदणाकडे बघून काहीतरी पुटपुटले. नवी सून म्हणाली, "देव आपले नोहोते म्हनून सोडले. ह्या त माह्या बाया होत." सासऱ्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या पाच बायांपैकी आता एकही उरली नव्हती. एकीचाही फोटो जगात कुठे नव्हता.

"ह्या खेपेले येईन गोंदन," केवळराम म्हणाला. "बिना फ्लॅशचा काढतो."

"येईन म्हनते तू?"

"येईन."

"मंग बसतो." आणि कुसुमबाई सूप घेऊन पुन्हा तांदूळ पाखडायला लागली.

आता केवळरामला आईचा फोटो एवढा कशाला हवा होता, ते सांगितलं पाहिजे.

त्याची मुलगी साक्षी गोंदियाला बीएस्सीला जाई. तिने बापाला एका परदेशी साईटची गोष्ट सांगितली. जगभरचे लोक तिथे फोटो पाठवतात, कंपन्या जाहिरातींसाठी, पुस्तकांसाठी ते विकत घेतात, आणि ज्याने काढला त्याचं नाव फोटोखाली लिहिलेलं असतं. फक्त आधी त्यांनी तुम्हाला पास करायला हवं. केवळरामने ते ऐकलं आणि त्याला रात्रभर झोप आली नाही. इतकी वर्षं गाव त्याला ‘फोटोवाला’ म्हणत होतं, कुल्फीवाला म्हणावं तसं. कुठल्या तरी कागदावर, कुठल्या तरी देशात का होईना, आपल्या नावापुढे ‘फोटोग्राफर’ असं लिहिलेलं असावं, एवढी एकच इच्छा त्याने आजवर कुणाला सांगितली नव्हती.

त्याने गोंदियाहून जुना डिजिटल कॅमेरा घेतला आणि सगळ्यात आधी बोदलकसा तलावावरचा सूर्यास्त पाठवला. उत्तर आलं, सूर्यास्त आमच्याकडे पुरेसे आहेत. मग धानाच्या बांध्या पाठवल्या. हिरवी शेतंही पुरेशी होती. तपासणारा माणूस कुठल्या देशात बसतो हे ठाऊक नव्हतं, पण तो उपाशीपोटी तपासत असावा, असा केवळरामचा कयास होता. शेवटी त्याच माणसाने कळवलं की, घरातली खरी माणसं घरातल्या खऱ्या उजेडात असतील तर पाठवा.

त्या दिवसांत गोरेगावातला खरा उजेड भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे यायचा आणि जायचा. रांधायच्या खोलीत छपराच्या कवेलूंमध्ये एक काच बसवली होती, तिच्यातून सकाळी उजेडाची एक तिरपी पट्टी खाली यायची आणि बरोबर कुसुमबाईच्या सुपावर पडायची. बाकी खोलीत अंधार. अशा अंधारात बिना फ्लॅशचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा आयएसओ चढवावा लागतो. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची भूक. रोलच्या जमान्यात ती डब्यावर छापून यायची, शंभर नाही तर चारशे, आणि रोल संपेपर्यंत तेवढ्यावरच भागवावं लागे. आता अंगठ्याने चाक फिरवलं की भूक वाढत होती. केवळरामने चाक फिरवत फिरवत बत्तीसशेवर नेलं.

"झाला का रे?" कुसुमबाईने मान वर करून विचारलं.

त्याच क्षणी झाला होता. उजेड ना चमकला ना भपकला, त्यामुळे तिला काही कळलंच नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर आपली आई पूर्ण जागी असलेली केवळरामने पहिल्यांदा पाहिली. वर केलेले डोळे, गालावर तांदळाचा कोंडा, आणि हनुवटीवर पाचही ठिपके, वाकड्यासकट.

"गोंदन आलं का?"

"आलं."

फोटोसोबत ज्याचा फोटो आहे त्याची परवानगी लागत होती. साक्षीने कागद आणला. कुसुमबाईने प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही पुढे करण्याआधी विचारलं, "कायची होय हे?"

"आजी, तुझा चेहरा वापरायची परवानगी मागतात."

"चेहरा वापराले का तो रांधाचा गंज होय? वापरा म्हनावं, पन धुऊन ठेवा." आणि तिने सही केली.

साईटवर फोटो चढवायचा तर श्यामलालच्या सायबर कॅफेत जावं लागे. श्यामलाल गोंदियाचा, हिंदीत बोलायचा आणि हिंदीतच वैतागायचा. "केवलभाई, ये फोटो है के धान का ट्रक? सुबह से चढ़ रहा है." तो चढला. आठवड्याने उत्तर आलं. साक्षीने ते बापाला वाचून दाखवलं.

"नापास, बाबा. फोटोत रंगीत दाणे दिसतात म्हणते. आयएसओ जास्त झाला."

"दाने?" केवळराम म्हणाला. "तांदूळ पाखडून राहिली बाई. दाने नाई दिसन त का दिसन?"

पण दुकानात येऊन त्याने फोटो मोठा करून पाहिला, आणि उपाशी मास्तराचं म्हणणं पटलं. अंधाऱ्या भागात लाल, हिरव्या, निळ्या कणांचा सडा पडला होता. कुणीतरी फोटोवर मूठभर रंगीत मोहरी फेकावी तसा. भूक वाढली की कॅमेरा असं काहीबाही खातो, ते त्याला ठाऊक होतं, पण लग्नाच्या अल्बमात ते कुणी बघत नाही. तिथे सगळे आपापलं तोंड शोधण्यात गुंतलेले असतात.

दुसरा फोटो काढावा, तर पावसाचे ढग आले आणि कवेलूतला उजेड गेला. मग केवळराम संगणकावर साफसफाईला बसला. साफसफाई हा त्याचा हातखंडा. स्थळाला पाठवायचे फोटो त्याच्याकडेच येत. कुणाचा तीळ, कुणाचे देवीचे व्रण, कुणाचा भाजल्याचा डाग तो अशा सफाईने पुसायचा की, लग्नात नवरदेव मुलीला ओळखायला जरा वेळ घेई. या कामाने तालुक्यात किती संसार उभे राहिले आणि किती डळमळले, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

त्याने फोटो दोनशे टक्के मोठा केला. एवढा मोठा केला की, माणूस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत नाही. सगळीकडे नुसती कातडी, माळरानासारखी. आधी मशीनने सरसकट गुळगुळीत केलं. मग उरलेले हट्टी कण त्याने एकेक करून टिपले. एक हिरवा टिपला. त्याच्या बाजूचा हिरवा टिपला. आणखी दोन. एक हिरवा जरा बाजूला घसरला होता, तो टिपायला थोडा त्रास झाला. रंगाचा एक कणही शिल्लक राहिला नाही, तेव्हा त्याने पाठ टेकली आणि हातातला गार झालेला चहा पिऊन टाकला.

या वेळी केवळराम पास झाला.

त्या दिवशी त्याने कुणाला सांगितलं नाही असं एकही माणूस बाजारात उरलं नाही. श्यामलालने "क्या बात है, केवलभाई, इंटरनेशनल!" म्हणून पेढा खाल्ला. घरी साक्षीने फोटो उघडला. खाली इंग्रजीत बापाचं नाव होतं. ती हसली, आणि मग हसता हसता पडद्याजवळ गेली.

"बाबा, आजीचं गोंदण कुठे गेलं?"

केवळराम पाहत राहिला. हनुवटी कोरी होती, नुकत्याच सारवलेल्या ओट्यासारखी. तो बाजूला घसरलेला हिरवा कण त्याला आठवला. तो टिपायला किती त्रास पडला होता, तेही आठवलं.

"दुसऱ्यांदा पाठवून द्या ना, गोंदणासकट," साक्षी म्हणाली.

"आता पास झाला ना तो. पुन्हा छेडला त नापास करतीन." नजर पडद्यावरून काढून तो म्हणाला, "तिकडं कोनाले मालूम हाय तुही आजी?"

संध्याकाळी चुलीपुढून आवाज आला, "केवळ्या, पास झाला म्हनते तू. गोंदनासकट का?"

"सकट," केवळराम म्हणाला.

कुसुमबाईने समाधानाने भाकर उलटली. अलीकडे तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे फोटो पाहण्याचा हट्ट तिने धरला नाही. लेकाच्या तोंडून ऐकलं, तेवढं तिला पुरलं.

फोटो विकला गेला. एकदा, मग दोनदा. कुणी घेतला ते साईट सांगत नाही. केवळरामने स्टुडिओच्या पाटीवर ‘फोटोग्राफर’ हा शब्द रंगवून घेतला, पण त्या पाटीखालून जाताना तो जरा मान खाली घालून जाऊ लागला.

पुढच्या हिवाळ्यात मोतीबिंदूचं शिबिर लागलं. शाळेच्या व्हरांड्यात तपासणी, ऑपरेशन गोंदियाला, आणि आठवड्याने पुन्हा शाळेतच फेरतपासणी. केवळरामची बायको अल्का आशा सेविका, त्यामुळे गावातले सगळे धूसर डोळे गोळा करण्याचं काम तिच्याकडे होतं. तपासणीच्या सकाळी केवळराम आईला मोटारसायकलवर घेऊन शाळेत पोचला आणि फाटकातच थबकला.

भिंतीवर पुरुषभर उंचीचं पोस्टर लावलं होतं. ‘आजीच्या डोळ्यांत पुन्हा उजेड’. आणि खाली आजी. मान वर केलेली, डोळे टक्क उघडे, गाल लोण्यासारखे, हनुवटी कोरी.

त्याच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर तो अभिमान. आपला फोटो एवढा मोठा छापला जाईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण अभिमान पुरता छातीत शिरायच्या आत अल्का धावत आली.

"अजी, पाह्यलं का? आत्याबाई होत ना? मी साऱ्याच बायाईले सांगतो…"

"सांगू नको."

"काऊन?"

"त्याच्यात गोंदन नाई."

अल्काने पोस्टरकडे पाहिलं, मग रांगेत उभ्या सासूकडे पाहिलं. कुसुमबाई आपल्याच चेहऱ्याखाली, आपल्याच मोठ्या डोळ्यांखाली काठी टेकून उभी होती, आणि रांगेतल्या एकाही माणसाने वर-खाली पाहून काही जुळवलं नव्हतं. डोळ्यांत औषध घालणाऱ्या पोरीने तर तिला "आजी, भिंतीले टेकू नोका, पोस्टर फाटन," असंही बजावलं.

"तुमीच पुसलं?" अल्काने हळूच विचारलं.

"दाने समजून पुसलं. मंग समजलं, त राहू देलं."

जाता जाता अल्का फक्त म्हणाली, "आता त दिसत नाई त्याईले. ऑपरेशन झाल्यावर दिसनच ना."

कुसुमबाईच्या ऑपरेशनसाठी सगळ्या घराने चांगलं चिंतलं. केवळरामनेही चिंतलं, पण त्यात थोडी ओढाताण होती.

ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी निघाली त्या दिवशी कुसुमबाईने साक्षीच्या ओढणीचा रंग सांगितला, अल्काच्या डोक्यातले पांढरे केस दाखवले आणि घराच्या कोपऱ्यातली जाळी काढायला लावली. केवळरामला ती म्हणाली, "लय म्हातारा झाला रे तू. मले वाटे, आवाजच तसा हाय."

फेरतपासणीच्या दिवशी त्याने मुद्दाम मागच्या फाटकाने नेलं. मागचं फाटक बंद होतं.

"काऊन फिरवून राहिला मले? रस्ता भुलला का?" म्हणत कुसुमबाई पुढच्या फाटकातून आत शिरली आणि पोस्टरपुढे थांबली. डोळ्यांवर दवाखान्याने दिलेला काळा चष्मा होता. तिने तो काढला. भर उन्हात, चष्म्याशिवाय, ती बराच वेळ पाहत राहिली. केवळराम दोन पावलं मागे उभा होता. दहावीच्या निकालाला उभं राहावं तसा.

"कोन होय हे बाई?"

"असन कोनी," केवळराम म्हणाला.

"चांगली हाय. कातडी पाय कशी. खाऊनपिऊन सुखी दिसते." ती आणखी एक पाऊल जवळ गेली. "पन हनुवटी कोरी हाय बिचारीची. कोनीच नोहोतं वाटते इले."

केवळरामच्या खिशात मार्कर असायचा. लग्नाच्या सीडीवर नवरानवरीची नावं लिहायला. तो त्याच्या हातात केव्हा आला, टोपण केव्हा निघालं, ते त्याला कळलं नाही. तो पोस्टरपाशी गेला आणि तिथे त्याचा हात थांबला. चौकोन केवढा, कुठून कुठवर, काही आठवेना. या तोंडाकडे तो जन्मल्यापासून पाहत आला होता, तरी.

"माय," तो म्हणाला, "इकडं पाय जरा."

कुसुमबाई त्याच्याकडे वळली. तिने हनुवटी वर केली. ऊन थेट तोंडावर आलं. तिने डोळे मिटले नाहीत.

केवळरामने एक ठिपका काढला. पुन्हा वळून पाहिलं, दुसरा काढला. तिसरा. चौथा.

"ओ भाऊ!" औषधवाली पोरगी ओरडली. "पोस्टर कायले खराब करून राहिले?"

"करू द्या त्याईले," टेबलामागून अल्का म्हणाली. "घरचीच होय ते."

पाचव्याला केवळराम घुटमळला. मार्कर चौकाच्या मधोमध टेकवणार, तेवढ्यात मागून कुसुमबाई म्हणाली,

"मधात नोको काढू. डाव्या आंगाले, वाकडा. रुख्मा हासली होती."

त्याने तो वाकडा काढला.

कुसुमबाईने मान एकीकडून दुसरीकडे करून पाचही नीट पाहून घेतले. मग चष्मा लावला, काठी उचलली आणि रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली, बरोबर पोस्टरच्या खाली. तिच्या मागे उभा असलेला म्हातारा एकदा भिंतीकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिला, आणि तिला नीट उभं राहता यावं म्हणून एक पाऊल मागे सरला.